न्यूट्रिशनल यीस्टने बी-१२ भरून निघतं का? (आईसाठी विचारतेय)

सई_पौडरोड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आईचं वय ६३, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन गेली बारा वर्षं चालू आहे. मागच्या वर्षी पायाला सारख्या मुंग्या येतात म्हणून टेस्ट केली तर बी-१२ आलं १६८. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं दिली आणि मग रोजची गोळी लावून दिली, त्यावर बरं चाललं होतं. आता गंमत अशी झालीये की माझी भाची बंगलोरला असते आणि ती दोन वर्षांपासून व्हीगन (दूध-तूपसुद्धा नाही) झालीये, ती दिवाळीला आली तेव्हा न्यूट्रिशनल यीस्टचं एक पाकीट घेऊन आली, पिवळे पिवळे पापुद्रे असतात ते, आणि आजीला म्हणाली की आजी ह्यात सगळी बी व्हिटॅमिन्स असतात, प्रोटीन असतं, मिनरल्स असतात, गोळ्या कशाला खातेस. आईला काय तेवढंच पाहिजे होतं. ती गोळ्यांना इतकी कंटाळलीये की विचारू नका. आता रोज गरम भातावर तूप आणि वर मेतकुटासारखं हे भुरभुरवून खाते आणि मला परवा कळलं की गोळी तीन आठवडे बंद आहे!!

तर प्रश्न असा की ह्याने खरंच बी-१२ भरून निघतं का, दिवसाला किती चमचे लागतात, आणि भाची म्हणते तसं कॅल्शियम आणि लोह पण मिळतं का. शिवाय यीस्ट म्हणजे पावात घालतो तेच ना? ते पोटात जाऊन फुगत वगैरे नाही ना? (हा प्रश्न बाबांचा आहे, पण खरं सांगायचं तर माझाही.)

खादाडखाऊ

पोटात फुगत नाही हो, ते मेलेलं असतं 😄 पावाचं यीस्ट जिवंत, हे गरम करून मारलेलं. दोघांचं कुळ एकच. बाबांना सांगा निश्चिंत राहा.

पण पहिलं काम, पाकीट उलटं करा आणि मागचं बारीक अक्षर वाचून इथे टाका. इन्ग्रेडियंट्समध्ये काय काय लिहिलंय ते आणि बी-१२ ची ओळ आहे की नाही ते. त्याशिवाय इथे सगळे हवेत गोळीबार करत बसतील.

मळीवाला

नगर जिल्ह्यात डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून २२ वर्षं काढली, त्यामुळे यीस्टशी माझा संबंध बायकोपेक्षा जुना आहे. थोडं सविस्तर सांगतो कारण लोकांना वाटतं हे काहीतरी फार परदेशी प्रकरण आहे. अहो ते मळीवरच वाढवतात! साखर कारखान्यातून साखर काढून झाल्यावर जी काळी चिकट मळी उरते, उसाची किंवा तिकडे युरोपात बीटाची, तेच ह्या यीस्टचं खाणं. आम्ही त्याच मळीवर यीस्ट सोडतो पण आम्हाला पाहिजे असतं अल्कोहोल, म्हणून हवा देत नाही. हवा नसली की यीस्ट नाइलाजाने साखरेची दारू करत बसतं आणि स्वतः फारसं वाढत नाही. ह्या लोकांना पाहिजे असतं यीस्टच, म्हणून ते टाकीत खालून दणकून हवा फुंकतात आणि मळी थेंब थेंब सोडतात. थेंब थेंब का, तर एकदम जास्त साखर दिली तर हवा असूनसुद्धा हा गडी दारूकडे वळतो. (माणसासारखंच.) जोडीला नायट्रोजनसाठी अमोनिया, थोडं फॉस्फेट, तापमान ३० अंशांच्या आसपास. मग सेंट्रिफ्यूजमध्ये घालून पाणी वेगळं काढायचं, जे राहतं त्याला आम्ही क्रीम म्हणतो, दिसतंही तसंच. ते धुवायचं, तापवून मारायचं, आणि तापलेल्या फिरत्या ड्रमवर पातळ थर देऊन वाळवायचं. ड्रमवरून खरवडलं की पापडाच्या पापुद्र्यासारखं सुटतं, त्याचाच तो फ्लेक.

आता मुद्द्याची गोष्ट. ह्या सगळ्या प्रकारात बी-१२ कुठे आलं? कुठेच नाही. यीस्ट स्वतः बी-१ बी-२ बी-३ बी-६ फोलेट हे सगळं बाळगून असतं पण बी-१२ त्याला करताच येत नाही. ते फक्त बॅक्टेरिया आणि त्यांच्या जवळच्या काही सूक्ष्मजीवांना जमतं. झाडाला नाही, यीस्टला नाही, गाईलासुद्धा नाही, गाईच्या पोटातले जंतू करून देतात आणि आपण दुधातून घेतो. म्हणजे पाकिटात बी-१२ असेल तर ते कारखान्यात वरून मिसळलेलं असतं. मिसळलं असेल तर आहे, नसेल तर शून्य.

निसर्गमित्र_६८

ताई, आईंचा निर्णय योग्य आहे. गोळ्या म्हणजे शेवटी केमिकल. आपल्या पूर्वजांनी कुठे गोळ्या खाल्ल्या? आंबील, ताक, इडली, ढोकळा ह्या आंबवलेल्या पदार्थांतून त्यांना सगळं मिळत होतं. यीस्ट नैसर्गिक आहे, शरीर ते ओळखतं. हळूहळू फरक पडेल, धीर धरावा.

खादाडखाऊ

@निसर्गमित्र काका, वरचा मळीवाल्यांचा प्रतिसाद वाचलात का? पाकिटातलं बी-१२ हे सायनोकोबालामिनच असतं, म्हणजे गोळ्यांतही मिळतं तेच. यीस्टवर मिसळलं की नैसर्गिक आणि गोळीत दाबलं की केमिकल, हा न्याय कुठला?

औषधी_नाशिक

फार्मसीत आहे, थोडं बोलते.

सई, आधी गोळी सुरू करायला सांग आईंना, बाकीचं नंतर वाच. बी-१२ ची गंमत अशी आहे की लिव्हरमध्ये त्याचा साठा असतो, चांगला साठा असला तर काही वर्षं पुरतो, म्हणून बंद केल्यावर लगेच काही जाणवत नाही आणि माणसाला वाटतं की बघा, गोळीशिवाय मस्त चाललंय. पण आईंचा साठा आधीच तळाला गेला होता. २०० च्या खाली म्हणजे सरळ कमतरता धरतात आणि त्यांना मुंग्याही येत होत्या, म्हणजे नसांपर्यंत पोचलं होतं. नसांचं नुकसान फार दिवस राहिलं तर सगळंच्या सगळं परत भरून येईल असं नसतं.

दुसरं म्हणजे मेटफॉर्मिन. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी-१२ शोषलं जाणं कमी होतं, आणि शोषलं जातं ते तिथेच. म्हणून अशा पेशंटची अधूनमधून लेव्हल बघायला सांगतात. तेव्हा आईंचा प्रश्न नुसता "खाण्यात कमी पडतंय" एवढा नाहीये, "आत घेतलं जात नाहीये" हा पण आहे.

रोजची गरज तशी बघितली तर अगदी किरकोळ, दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. मग गोळी ५०० नाहीतर १५०० ची का असते असं सगळे विचारतात. तर पोटात एक प्रोटीन तयार होतं, इन्ट्रिन्सिक फॅक्टर, ते बी-१२ ला बोट धरून आतड्याच्या त्या टोकाला नेतं. पण त्याची कपॅसिटी एका वेळेला दीड-दोन मायक्रोग्रॅमचीच. त्यापलीकडे जे जातं त्यातलं साधारण एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणजे हजारातले दहा. ज्यांचं ते बोट धरणारं खातं नीट चालत नाही त्यांना ह्या झिरपण्याचाच आधार, म्हणून डोस मोठा. यीस्टच्या चमच्यात मिसळलेले दोन-पाच मायक्रोग्रॅम असले तर त्याचा एक टक्का म्हणजे काय उरलं, तूच हिशोब कर. भाची तरुण आहे, आतडं चांगलं आहे, तिला फोर्टिफाइड (वरून व्हिटॅमिन्स मिसळलेलं) यीस्ट रोज नेमाने खाऊन चालूनही जाईल. तेच आजीला चालेल असं नाही.

आणि इडली-आंबील छानच, मी पण खाते, पण त्यातून बी-१२ भरवशाने मिळत नाही. दूध-दह्यातून मिळतं, साधारण १०० मिलीला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर. आपल्याकडे चहापुरतं दूध घेतात आणि म्हणतात आम्ही दूध घेतो!

सई_पौडरोड

बापरे. आत्ताच आईला फोन केला. पाकिटाचा फोटो बाबांनी पाठवला, चष्मा लावून झूम करून वाचलं. इन्ग्रेडियंट्समध्ये एकच ओळ आहे, "ड्राइड इनॅक्टिव्ह यीस्ट". बस. खाली तक्त्यात प्रोटीन १०० ग्रॅमला ५० च्या आसपास, फायबर, बी-१, बी-२ वगैरे आहे, बी-१२ ची ओळच नाहीये. आणि पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरात "रिच इन बी व्हिटॅमिन्स" 🤦‍♀️ खोटं काहीच लिहिलेलं नाही, हेच तर!

भाचीला विचारलं तर ती आधी दुसरं घ्यायची, हे ऑफर होती म्हणून घेतलं.

मळीवाला

तरी म्हटलं. ह्याला अनफोर्टिफाइड म्हणतात. फोर्टिफाइड असतं तर यादीत नायसिन, पायरिडॉक्सिन, थायमिन, रायबोफ्लेविन, फॉलिक ॲसिड, सायनोकोबालामिन अशी नावांची रांग दिसते. रांग दिसली की समजायचं वरून घातलंय. त्यात काही वाईट नाही, मिठात आयोडीन घालतातच की. फक्त ते माहीत पाहिजे.

एडिसनची_मावशी

मी न्यू जर्सीत गेली १९ वर्षं आहे आणि इकडे ह्याला सगळे लाडाने "नूच" म्हणतात, दुकानात डब्यातून सुटं सुद्धा मिळतं, गोणीतून धान्य घेतल्यासारखं आपलं आपण पिशवीत भरायचं, आणि मी पहिली दोन वर्षं तेच सुटं आणत होते कारण स्वस्त, आणि त्यावर लेबल वगैरे काही नाही, फोर्टिफाइड आहे की नाही देव जाणे, शिवाय पारदर्शक डब्यात दिव्याखाली दिवसभर ठेवलेलं, नंतर कुणीतरी सांगितलं की बी-२ आणि बी-१२ दोन्ही उजेडाने खराब होतात, तेव्हापासून बंद पाकीटच आणते आणि घरी स्टीलच्या डब्यात ठेवते, आपला नेहमीचा घट्ट झाकणाचा डबा, फडताळात, गॅसपासून लांब.

चवीचं सांगते, कारण कुणी बोलतच नाहीये. चव चीजसारखी म्हणतात पण मला विचाराल तर भाजलेले शेंगदाणे आणि थोडं जुनं चीज ह्यांच्या मधलं काहीतरी. ती खमंग चव ग्लुटामेटची, टोमॅटो वाळवला की जी येते ना तीच जात. पॉपकॉर्नवर तर अप्रतिम, आधी तेलाचा हलका हात द्यायचा मग भुरभुरवायचं, नाहीतर सगळं तळाला बसतं. ज्वारीच्या लाह्यांवर पण केलंय, चिवड्यात नको, तिथे मसाल्यापुढे हरवतं. थालीपिठाच्या भाजणीत दोन चमचे घातलं तर कळत नाही पण छान लागतं. शिजवताना शेवटी घाला, फार उकळलं तर बी-१ जातं आणि कडवट पण होतं. आणि हो, गोड्या वरणात घालू नका, मी घातलं होतं, नवऱ्याने विचारलं डाळ आंबली का.

एक अनुभव, फोर्टिफाइड असेल तर एकदम तीन-चार चमचे टाकू नका. मी एकदा सूपमध्ये सढळ हाताने घातलं आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, कान गरम, अंगभर टोचल्यासारखं, मला वाटलं ॲलर्जी झाली आता इमर्जन्सीत जावं लागतंय. ते नायसिनचं, म्हणजे बी-३ चं होतं, तासाभरात उतरलं. नायसिन जास्त झालं की असं होतं म्हणे.

औषधी_नाशिक

बरोबर मावशी, नायसिन फ्लश म्हणतात त्याला. फोर्टिफाइड प्रकारात एका चमच्यात बी-१, बी-३, बी-६ रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असू शकतं, म्हणून "जास्त खाल्लं तर जास्त चांगलं" हे इथे लागू नाही. अजून दोन गोष्टी, गाऊट (युरिक ॲसिडने सांधे सुजतात तो आजार) असलेल्यांनी जपून, यीस्टमध्ये प्युरीन बरंच असतं, त्याचंच युरिक ॲसिड होतं. आणि डिप्रेशनसाठी एमएओ इन्हिबिटर प्रकारातलं जुनं औषध कुणी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

सईचा मिनरल्सचा प्रश्न राहिला. थोडं झिंक, पोटॅशियम असतं, पण खाणार एक-दोन चमचे म्हणजे पाच-दहा ग्रॅम, त्यातून मिळून मिळून किती मिळणार. लोह नावापुरतं, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. कॅल्शियमसाठी नाचणी आहे की, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास, आणि तीळ तर हजाराच्या वर. तिळाची चटणी रोज एक चमचा खा म्हणावं आईंना, हे पाकीट कॅल्शियमच्या बाबतीत तिळाच्या पासंगालाही पुरणार नाही. प्रोटीन मात्र खरंच चांगलं आहे, वजनाच्या निम्मं.

परळचा_जुना

प्रोटीन-कॅल्शियम चालू द्या, मी जरा इतिहासात घुसतो कारण यीस्ट आणि व्हिटॅमिन म्हटलं की मला आमचं परळच आठवतं.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन संशोधन संस्थेतून काम करायच्या. गिरणीत काम करणाऱ्या बायकांमध्ये गरोदरपणात भयंकर रक्तक्षय व्हायचा, तांबड्या पेशी कमी आणि आकाराने मोठ्या, कित्येक दगावायच्या. कारण जंतू असावेत अशीही शंका होती. विल्सबाईंनी ह्या बायकांच्या घरचं जेवण बघितलं, पालेभाज्या-फळं-दूध जवळजवळ नाहीच. मग उंदरांना तसलंच खाणं देऊन बघितलं, माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी उपाय सापडला तो मार्माइट! इंग्लंडात बिअरच्या कारखान्यातलं उरलेलं यीस्ट आटवून केलेला तो काळा खारट लगदा, ब्रेडला लावून खातात तो. दिल्यावर काही दिवसांत रक्त सुधारायला लागलं. १९३१ मध्ये त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. आत नेमकं काय आहे ते कळलं नव्हतं म्हणून लोक त्याला विल्स फॅक्टर म्हणायचे. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तेच वेगळं काढलं आणि पानावरून फॉलिक ॲसिड नाव पडलं. आणि १९४५ ला अमेरिकेत ते कारखान्यात बनवून दाखवणाऱ्या टीमचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे.

हे सगळं सांगायचं कारण असं की बाईंच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली होती. परनिशस ॲनिमिया नावाच्या दुसऱ्या रक्तक्षयावर लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क हमखास चालायचा, पण तो ह्या बायकांना चालेना. कच्चा लिव्हर अर्क चालायचा, मार्माइट चालायचा. म्हणजे दोन वेगळ्या वस्तू होत्या. शुद्ध अर्कात होतं ते बी-१२, आणि यीस्टमध्ये होतं ते फोलेट, म्हणजे वरच्या फॉलिक ॲसिडचंच घराणं. म्हणजे यीस्टमध्ये काय आहे आणि काय नाही ह्याचा धडा आमच्या गिरणगावातल्या बायकांच्या रक्तातून नव्वद वर्षांपूर्वीच निघालाय. पाकिटावर "बी व्हिटॅमिन्स" लिहिणाऱ्यांना कोण सांगणार.

औषधी_नाशिक

वा परळकर, आणि नेमकं ह्याच कारणासाठी सईच्या आईंचं प्रकरण जरा जास्त नाजूक आहे. फोलेट भरपूर मिळालं की बी-१२ कमी असूनही रक्त सुधारल्यासारखं दिसतं, हिमोग्लोबिन वर जातं, सगळे खूश, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. तेव्हा आईंना "आता बरं वाटतंय" एवढ्यावर सोडू नका, नुसत्या सीबीसीवरही (रक्तपेशींच्या साध्या मोजणीवरही) नको. डॉक्टरांना भेटून गोळी तीन आठवडे बंद होती हे स्पष्ट सांगा आणि बी-१२ परत करून घ्या, आकडा काठावर आला तर ते होमोसिस्टीन किंवा एमएमए ह्या पुढच्या चाचण्या करायला सांगतील. हे लपवू नका, पेशंट हेच लपवतात.

निसर्गमित्र_६८

माहितीबद्दल आभार. आंबिलीबद्दलचं माझं मत कायम आहे पण बी-१२ बाबत वाचेन. माझंही तपासून घ्यायला हवं असं वाटतंय, तळपाय जळजळतात हल्ली.

खादाडखाऊ

काका, नक्की करा. उद्याच करा.

लोणावळा_चिक्की

थोडं अवांतर, पण माझ्याकडे पाव करायचं जिवंत यीस्ट आहे डबाभर, तेच एक चमचा पाण्यातून घेतलं तर नाही का चालणार? दोन्ही एकच म्हणताय ना. स्वस्तात काम.

मळीवाला

अजिबात नको! जिवंत यीस्ट पोटात जाऊन गॅस तर करेलच, वर तुमच्या खाण्यातलं बी-१ स्वतःच गट्टम करून बसतं आणि तसंच बाहेर निघून जातं. म्हणजे द्यायच्या ऐवजी घेऊन जाणारा पाहुणा. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ताज्या यीस्टच्या वड्या तब्येतीसाठी रोज खा म्हणून जोरदार जाहिराती चालायच्या, लोक भक्तिभावाने खायचे पण. पावाचं यीस्ट पावात घाला. आणि बिअरच्या कारखान्यातलं ब्रूअर्स यीस्ट म्हणून मिळतं ते अजून वेगळं, त्याला हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा असतो, भातावर टाकलं तर सईताईंच्या आई गोळीच बरी म्हणतील.

सई_पौडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार, काय काय कळलं एका पाकिटामागे! अपडेट देते. आई परवा डॉक्टरांकडे जाऊन आली. गोळी परत सुरू, टेस्टला रक्त दिलंय, रिपोर्ट आले की लिहीन. डॉक्टर ओरडतील ह्या भीतीने आधी "मध्ये एक-दोनदा राहिली" असं सांगणार होती, पण बाबा शेजारी बसले होते, त्यांनी "तीन आठवडे" म्हणून टाकलं. त्यावरून रिक्षात अबोला.

यीस्टचं पाकीट फेकलेलं नाही. आईला चव आवडलीये, म्हणून तिने आता ते खऱ्या मेतकुटात मिसळून ठेवलंय, अर्धं अर्धं, आणि खरंच बरं लागतंय. औषध म्हणून नाही, तोंडीलावणं म्हणून. भाचीला मात्र लेबल वाचायचा गृहपाठ दिलाय, तिचंही बी-१२ करून घेते म्हणालीये, कारण तिनेही गेले चार महिने हेच ऑफरवालं पाकीट खाल्लंय आणि गोळी वगैरे काही नाही!

आता आईचा एकच प्रश्न उरलाय आणि तो मला गूगलवर मिळत नाहीये, एकादशीला चालतं का?

परळचा_जुना

मेतकुटात डाळी आहेत ना, मग मिसळलेलं तर नाहीच चालणार. नुसतं यीस्ट म्हणाल तर पुराणात उल्लेख नाही 😄

एडिसनची_मावशी

मी साबुदाण्याच्या खिचडीवर टाकून बघितलंय. एकादशीचं पाप लागो न लागो, खिचडीची वाट लागते. दाण्याचं कूटच बरं.